संत क्रिस्टोफरच्या नावावर चारशे युरोंची फसवणूक

युरोपात राहणाऱ्या आणि जुनी धार्मिक चित्रं घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे जरूर वाचावं. दक्षिण जर्मनीतल्या एका जुन्या बाजारात एका विक्रेत्याने चारशे युरोंना "पंधराव्या शतकातला लाकडी ठसा", म्हणजे कोरलेल्या फळीवरून कागदावर उमटवलेलं चित्र, माझ्या गळ्यात मारला. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्टोफर. म्हणे मठातल्या एका पोथीच्या पुठ्ठ्यात आतून चिकटवलेला सापडला. "फ्रेम उघडू नका, कागदाचा भुगा होईल," असंही त्याने बजावलं.

ही हकीकत त्याने चक्क उचललेली आहे. दक्षिण जर्मनीतल्याच बुक्सहाइम गावच्या मठातल्या हस्तलिखिताच्या बांधणीत १४२३ साल कोरलेला क्रिस्टोफर खरोखरच असा मिळाला होता. तो आज मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे. खाली लॅटिन ओळी आहेत: ज्या दिवशी क्रिस्टोफरचं मुख पाहाल, त्या दिवशी वाईट मरण येणार नाही. साधीसुधी माणसं या भरवशावर असे कागद घरात लावत. त्या श्रद्धेचा असा बाजार मांडलेला पाहून फार संताप येतो.

खरा ठसा कसा होई ते माहीत असलं की नक्कल लपत नाही. फळीवर चित्र काढायचं, रेषा तेवढ्या उंच ठेवून आजूबाजूचं लाकूड चाकूने कोरून टाकायचं. रेषांना शाई लावायची, वर कागद ठेवून पाठीमागून घासायचा, किंवा फळीच कागदावर दाबायची. रंग मात्र नंतर, हाताने. घाईत भरलेला तो रंग कितीदा रेषेबाहेर गेलेला दिसतो.

जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी फ्रेम उघडली. भुगा वगैरे काही झाला नाही. भिंगाखाली संताच्या लाल झग्यात गुलाबी, पिवळे, निळे ठिपके. काळी रेषसुद्धा ठिपक्यांचीच. म्हणजे ही आजच्या यंत्रावरची छपाई. कोपऱ्यात किडीने पाडलेलं भोक होतं, वयाचा पुरावा म्हणून विक्रेत्याने मुद्दाम दाखवलेलं. कागद खिडकीसमोर धरला तर त्यातून उजेडच येईना. भोकही छापलेलं!

आता तो फोन उचलत नाही. पावतीवर फक्त "जुनं चित्र, फ्रेमसह" एवढंच लिहिलंय, त्यामुळे पोलिसांतली तक्रारही लंगडी पडली. तुम्ही घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी फ्रेम उघडायला लावा, भिंग सोबत न्या, आणि "मूळ ठसा, पंधरावं शतक" हे शब्द पावतीवर सहीनिशी लिहून घ्या. नाही म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.