चॅप्टरला कुलूप लावणारं सायन्स ॲप: कुलूप चांगलंय, किल्लीचं काय?

माध्यमिकच्या सायन्ससाठी मास्टरी लर्निंगवाला ऑनलाइन कोर्स घेतला होता मुलीसाठी, आता बऱ्यापैकी वापरून झालाय म्हणून लिहितेय. नाव टाकत नाही कारण तक्रारीही आहेत आणि असली ॲप्स आता ढिगाने आहेत, मुद्दे बहुतेक सगळ्यांना लागू पडतील. पाचपैकी साडेतीन.

सिस्टिम अशी की प्रत्येक युनिट संपलं की छोटी टेस्ट, त्यात ८० टक्के पडले तरच पुढचं युनिट उघडतं, नाहीतर कुठे चुकलं ते परत शिकायचं आणि परत टेस्ट द्यायची. आयडिया यांची नाहीये हो, जाहिरातीत काहीही म्हणोत. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९६८ मध्येच मांडलीय ती. शाळेत वेळ सगळ्यांना सारखा मिळतो आणि शिकणं कमीजास्त होतं, त्यापेक्षा शिकणं सगळ्यांचं पक्कं होऊ दे आणि वेळ ज्याला जेवढा लागेल तेवढा, असं साधारण म्हणणं. सायन्सला हे पटतंच, कारण वेग आणि त्वरण यातला फरक कळला नसेल तर न्यूटनचे नियम नुसते पाठच होणार ना.

आता चांगलं काय ते. गतीचं युनिट खरंच मस्त केलंय. वेग-काळ आलेखावर आडवी सरळ रेषा दिसली की आमची लेक बिनधास्त ‘गाडी थांबली’ असं उत्तर द्यायची. ॲपने नुसतं चूक म्हणून लाल फुली नाही मारली, त्याला बरोब्बर कळलं की ही मुलगी हा आलेख अंतर-काळाचा समजून वाचतेय, मग दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून तीच गाडी दोन्हीकडे चालवून दाखवली आणि पुढचे प्रश्न नेमके त्याच गोंधळावर विचारले. विजेच्या युनिटमध्येही तसंच, पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो म्हणून दुसऱ्याला कमी मिळतो ही समजूत बहुतेक मुलांची असते, तिथे चुकीचे पर्यायच असे बनवलेत की कुठला निवडला त्यावरून डोक्यात काय चाललंय ते कळावं. हे काम कोणीतरी शिकवलेल्या माणसाने केलंय हे दिसतं.

आणि केमिस्ट्रीत मात्र बोंब. समीकरण बॅलन्स करताना पोरगी पाण्याच्या फॉर्म्युल्यातला खालचा आकडाच बदलून मोकळी, म्हणजे पाण्याचं थेट हायड्रोजन पेरॉक्साइड! यावर ॲप काय करतं, तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि परत तोच व्हिडिओ. जो बघून कळलं नव्हतं तोच. मास्टरीमध्ये पहिल्या टेस्टनंतर वेगळ्या पद्धतीने शिकवणं हाच तर सगळा गाभा आहे, ते नसेल तर राहतं काय, नुसती अडवणूक. वर रीटेस्टमध्ये निम्मे प्रश्न आधीचेच, पर्यायांचा क्रम बदललेला. तिसऱ्यांदा ८० टक्के पडतातच, पण ते आठवणीचे. कागदावर मी वेगळं समीकरण दिलं तर गाडी परत तिथेच.

जाहिरातीतल्या दाव्याबद्दलही बोलते. ब्लूमच्या १९८४ च्या लेखातला तो फेमस आकडा टाकलाय, शिकवलेलं मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं वगैरे. अरे पण तो आकडा मास्टरी अधिक प्रत्यक्ष माणसाची एकास एक शिकवणी असा होता, नुसत्या मास्टरीच्या वर्गाचा ८४ होता. आणि १९९० मध्ये कुलिक वगैरे संशोधकांनी मास्टरीवरचे १०८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी फायदा निघाला तो मधल्या मुलाला ५० व्या पर्सेंटाइलवरून ७० व्यापर्यंत नेणारा, म्हणजे शंभरात पन्नास जणांच्या पुढे असलेलं मूल सत्तर जणांच्या पुढे. हे काही कमी नाहीये, उलट चांगलंच आहे, आणि कच्च्या मुलांना जास्त फायदा होतो असंही त्यात दिसलं. मग फुगवून सांगायची गरजच काय? उलट बाजूने स्लॅविन या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की जे शिकवलं त्यावरच बेतलेल्या टेस्टमध्ये फायदा दिसतो, बाहेरच्या प्रमाणित परीक्षेत जवळजवळ दिसतच नाही. आमच्या रीटेस्टचं तेच तर झालंय. म्हणून ॲपच्या डॅशबोर्डवर प्रगती दाखवणाऱ्या हिरव्या टिकमार्कांवर फार जाऊ नका.

वेळही जास्त लागतो, ते धरून चाला. शाळा पुढच्या धड्यावर आणि ॲप मागच्यावर अडून बसलंय असं सारखं होतं, पालकांना कुलूप उघडायची सोय हवी होती, ती नाहीये. प्रयोगांबद्दल काय बोलणार, व्हर्च्युअल बीकरमध्ये दोन थेंब टाकले की रंग बदलतो, संपलं प्रॅक्टिकल. बायो ठीकठाक, विसरण (डिफ्यूजन) आणि परासरण (ऑस्मोसिस) बरं समजावलंय.

घ्यायचं असेल तर फ्री ट्रायलमध्ये स्वतः बसा आणि एक टेस्ट मुद्दाम नापास व्हा. पुढे काहीतरी नवीन समजावून सांगितलं तर घ्या, तोच व्हिडिओ परत लागला तर ॲप डिलीट करा.