कॅथलिक नर्सिंग कॉलेज: दहा महिन्यांनंतरचा माझा अनुभव

बीएस्सी नर्सिंगसाठी कर्नाटकातल्या एका कॅथलिक कॉलेजात येऊन मला दहा महिने झाले. प्रवेश घेताना घरच्यांचे दोनच प्रश्न होते: धर्म बदलायला लावतील का, आणि भरलेली फी वसूल होईल का?

पहिल्याचं उत्तर, नाही. सकाळी प्रार्थना असते, मी हात जोडून उभी राहते. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चल असं मला कुणी म्हटलेलं नाही. गणपतीत आम्ही महाराष्ट्रातल्या चौघींनी खोलीत आरती केली, तर वॉर्डन सिस्टर प्रसाद घ्यायला आल्या.

दुसऱ्याचं उत्तर वॉर्डात मिळालं. पहिल्याच पोस्टिंगला एका आजोबांचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायचा होता. ताप पाहिला, नाडी मोजली आणि श्वासाच्या रकान्यात १८ लिहून मोकळी झाले. वरच्या ओळीत १८ होतं, म्हणून. आमच्या ट्युटर स्वतः नन आहेत. त्यांनी चार्ट पाहिला आणि न बोलता आजोबांचं मनगट धरलं. नाडी मोजून झाली तरी हात सोडला नाही, नजर मात्र छातीवर. आपले श्वास मोजले जाताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून हात तसाच ठेवायचा. पूर्ण एक मिनिट. २८ भरले. लगेच डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला. मला एवढंच म्हणाल्या, "तू आकडा लिहिलास, आजोबांकडे पाहिलंच नाहीस." त्या दिवसापासून मी एकही श्वास अंदाजाने लिहिलेला नाही.

मेरी ग्लोरी हे नाव मी इथेच पहिल्यांदा ऐकलं. ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुंटूरला आली आणि नन झाली. नन्सनी डॉक्टरकी करायची नाही असा तेव्हा चर्चचा दंडक होता, त्यामुळे तिच्यासाठी पोपची खास परवानगी लागली. बाळंतपणं करायची वाट बाकीच्या नन्सना १९३६ मध्ये मोकळी झाली. १९४३ मध्ये तिने देशभरातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना बांधली. कॅथलिक मेडिकल कॉलेज हवं हा तिचा ध्यास होता. १९५७ मध्ये ती गेली, आणि बंगळुरूचं सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये सुरू झालं. बाळंतपणाच्या वॉर्डासमोरून जाताना मला हे हटकून आठवतं.

एक गोष्ट प्रवेशाआधीच विचारून घ्या. चर्चच्या शिकवणीमुळे कॅथलिक हॉस्पिटलात गर्भपात आणि नसबंदी करत नाहीत. अभ्यासक्रमात कुटुंबनियोजन असतं, १९७१ चा गर्भपाताचा कायदाही असतो, पण आमच्या सीनियर्सना प्रत्यक्ष पाहायला सरकारी हॉस्पिटलच्या पोस्टिंगची वाट पाहावी लागली. उद्या गावाकडच्या आरोग्य केंद्रात काम करायचं तर हे पुस्तकातून शिकून भागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

हॉस्टेलचं जेवण ठीक. फोन रात्री जमा करतात, ते अजून जड जातं. आई दिवसभर शेतात असते, रात्रीच मोकळी होते.

सगळ्यात अवघड गेली ती भाषा. एक आजी सारख्या "नोवु, नोवु" म्हणत होत्या. मी दोनदा पाणी नेऊन दिलं. नोवु म्हणजे दुखणं, हे शेजारच्या पेशंटच्या सुनेने सांगितलं, तोवर पंधरा मिनिटं गेली होती. त्या रात्री मी वही घातली. आज त्यात चारशेच्या वर कन्नड शब्द आहेत, दुखण्याचे सगळ्यात आधी. तुम्ही इकडे प्रवेश घेणार असाल तर सांगा, पानांचे फोटो पाठवते.