बाभळीच्या सालीच्या गुळण्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

दात घासताना हिरड्यांतून रक्त येत असे, म्हणून दंतवैद्यांकडून दातांवरचे कीटण काढून घेतल्यावर मी बाभळीच्या सालीच्या काढ्याने रात्री गुळण्या करू लागलो. आता काही महिन्यांनंतर हिरड्यांची सूज ओसरली आहे आणि रक्त क्वचितच दिसते. यातील मोठे श्रेय कीटण निघाल्याला आहे, कारण घट्ट झालेले कीटण कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. गुळण्यांचा उपयोग त्यानंतरचा आणि मर्यादित आहे.

सालीचा मुख्य गुण तिच्यातील टॅनिन या तुरट द्रव्यांत आहे. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे लाळेतील आणि हिरडीच्या पृष्ठभागावरील प्रथिने आकसून एकत्र येतात व तोंड आवळल्यासारखे वाटते. कच्चे कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल पूर्वापार वापरली गेली, तीही याच गुणामुळे. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० मध्ये पेल्तिए आणि कावाँतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी क्विनीन हे हिवतापावरचे औषध वेगळे केले, तसे एकच नेमके संयुग येथे हाती लागत नाही. टॅनिन हा अनेक संयुगांचा समूह असून झाडाच्या वयाप्रमाणे आणि साल कुठली आहे त्याप्रमाणे त्याचे प्रमाण बदलते. म्हणूनच असेल, पण सालीच्या प्रत्येक खेपेचा तुरटपणा मला वेगळा जाणवला, आणि ठरावीक मात्रा हवी असणाऱ्यांसाठी ही उणीव लहान नाही.

वाळलेली साल भरड कुटून सोळा पट पाण्यात चौथा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवावी. भांडे स्टीलचे असावे. लोखंडाशी टॅनिनचा संयोग होऊन काढा निळसर काळा पडतो. तो ताजाच वापरावा.

रोजच्या वापराने दातांवर तपकिरी छटा आली, तेव्हापासून मी एक दिवसाआड गुळण्या करतो. काढा गिळत मात्र नाही, कारण टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. रक्त येणे थांबतच नसेल किंवा दात हलत असतील, तर गुळण्यांवर विसंबून दिवस काढू नयेत, तपासणी करून घ्यावी.

साल मी छाटलेल्या फांद्यांचीच घेतो. उभ्या खोडाची साल सभोवार सोलली, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड हळूहळू वाळते.