मार्केटिंगसाठी फुलटाइम एमएमएस की संध्याकाळचं एमएमएम?

सेल्समध्ये दोन-तीन वर्षं काढली की मुंबईत हा प्रश्न पडतोच. नोकरी सोडून सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन दोन वर्षांचं एमएमएस, म्हणजे मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखी पदवी करायची, की नोकरी सांभाळत संध्याकाळचं तीन वर्षांचं एमएमएम, म्हणजे फक्त मार्केटिंगची मास्टर्स? चर्चगेटच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचं नाव दोन्हीसाठी घेतलं जातं, माझी कॉलेजं वेगळी होती. एमएमएमची एक सेमिस्टर केली, ते सोडलं आणि मग फुलटाइम केलं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

एमएमएमची खरी कमाई म्हणजे वर्गातली माणसं. शेजारी फार्मावाला, मागे पेंट कंपनीचा एरिया मॅनेजर. कंपनीकडे क्लेम (स्कीम-सवलतीचे परत मिळायचे पैसे) अडकले की डिस्ट्रिब्युटर पुढचा माल का उचलत नाही यावर तिथे एकदा जी चर्चा रंगली तशी फुलटाइमला दोन वर्षांत ऐकली नाही, कारण फुलटाइमचा निम्मा वर्ग इंजिनीअरिंग करून थेट आलेला. शिवाय पगार चालू राहतो, हे छोटं नाही.

पण महिनाअखेर! 26 तारखेपासून क्लोजिंग, म्हणजे महिन्याचं टार्गेट गाठायची धावपळ सुरू, मी भिवंडीला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये बिलिंगसाठी बसलेलो आणि इकडे साडेसहाचं लेक्चर सुरू झालेलं. सेगमेंटेशन (ग्राहकांचे गट पाडणं) महिन्याच्या मधे शिकवलं म्हणून डोक्यात बसलं, पोझिशनिंग (ग्राहकाच्या मनात ब्रँडची जागा ठरवणं) नेमकं 29 तारखेला झालं आणि ते मला दुसऱ्याच्या वहीतून वाचावं लागलं. बरं, थिअरी वहीतून कळते, केसवर (अभ्यासाला दिलेल्या कंपनीच्या उदाहरणावर) वर्गात झालेली वादावादी वहीत कोण लिहिणार? ग्रुप प्रोजेक्टचंही तेच, पाचही जण सेल्सवाले, पाचही जणांचं क्लोजिंग एकाच आठवड्यात. यात कॉलेजची चूक नव्हती, पण चार महिने दर वेळी तेच झालं आणि मी सोडलं.

फुलटाइमलाही कटकट आहे. पहिलं वर्ष अकाउंट्स, स्टॅट्स, ऑपरेशन्समध्येच जातं, स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षी, आणि समर इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला मात्र मार्केटिंगच का असं आधीच विचारतात. पण त्याच इंटर्नशिपचे दोन महिने मला सोलापूर जिल्ह्यात किराणा दुकानं फिरायला मिळाले. कंपनीला वाटत होतं किंमत जास्त आहे म्हणून माल खपत नाही. दुकानात बसून राहिल्यावर कळलं की एका गावात गाडी यायची मंगळवारी आणि आठवडी बाजार रविवारी, तोपर्यंत माल संपलेला. टार्गेट डोक्यावर असताना मी दुकानात असा बसलोच नसतो, ऑर्डर घेऊन पुढच्या दुकानात गेलो असतो.

घर तुमच्या पगारावर चालत असेल, किंवा सात-आठ वर्षांचा अनुभव असेल, तर एमएमएमच घ्या असं मी म्हणेन. ब्रँड किंवा डिजिटलच्या ऑफिसात असाल तर माझी तक्रार कदाचित लागूही होणार नाही. पण फील्ड सेल्समध्ये असाल, वय पंचविशीच्या आसपास असेल आणि दोन वर्षांची सोय लावता येत असेल तर मला फुलटाइमच बरं वाटतं. तरीही एमएमएमकडे ओढा असेल तर फॉर्म भरायच्या आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या सेल्सवाल्याला गाठून गेल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किती लेक्चरं बसला ते विचारा.