काचेचं फूरिन घ्यायचंय? एदो, त्सुगारू की र्‍युक्यू

"येताना ते काचेचं फूरिन घेऊन ये" हा निरोप गणपतीच्या आधी मला हमखास येतो. मी आधी एकच विचारते, टांगणार कुठे? जुलैत तोक्योच्या जत्रांमध्ये फूरिनं शेकड्यांनी लटकलेली असतात, तेव्हा डोळे चित्रांवर खिळतात. घरी नेल्यावर मात्र रोज सोबतीला असतो तो आवाज. म्हणून निवड कानाने करावी, हे माझं ठाम मत.

फूरिन म्हणजे वाऱ्यावर वाजणारी छोटी घंटा. आत लोलक आणि लोलकाला खाली बांधलेली कागदाची पट्टी, तिला तान्झाकू म्हणतात. वारा धरते ती ही पट्टी. मूळ चीनकडून आलेल्या, देवळांच्या छपरांच्या कोपऱ्यांना टांगायच्या धातूच्या घंटांचं. जिथवर आवाज पोचतो तिथवर अरिष्ट येत नाही, ही त्यामागची समजूत. काचेचं फूरिन पुढे आलं, तेही नागासाकीच्या बाजूने. काचेला जुना जपानी शब्द 'बीदोरो', म्हणजे पोर्तुगीजांचा 'विद्रो'. नागासाकीला जाणारी त्यांची जहाजं गोव्याहून निघून मकावमार्गे जात, त्यामुळे हा शब्द ऐकला की मला परका वाटत नाही.

आता मुख्य उमेदवार, एदो फूरिन. एदो हे तोक्योचं जुनं नाव. आम्ही मराठी मंडळी तोक्योतल्या ज्या निशी-कसाईत दाटीने राहतो, त्याच एदोगावा वॉर्डात शिनोहारा कुटुंबाचा १९१५ पासूनचा कारखाना आहे. भट्टीत काच सुमारे १३०० अंशांवर वितळलेली असते. कारागीर काचेच्याच लांब नळीच्या टोकावर आधी नाण्याएवढा गोळा फुगवतो, त्यावर आणखी काच घेतो, दोऱ्यासाठी तारेने भोक पाडतो आणि मग एका दमात घंटा फुगवतो. साचा नाही. थंड झाल्यावर तो पहिला छोटा गोळा कापून टाकतात आणि तिथे घंटेचं तोंड उघडतं.

खरी गंमत त्या कापलेल्या काठात आहे. तो मुद्दाम खरखरीत ठेवतात. लोलकही काचेची नळीच असते. मंद झुळूक आली तरी ती नळी त्या दातेरी काठाला नुसती घासून जाते आणि 'चिरिन' असा बारीक आवाज निघतो. काठ गुळगुळीत असता तर तो आवाज यायला नीट ठोकाच लागला असता. म्हणून दुकानात काठावरून हलकेच बोट फिरवून बघा. काठ अगदी गुळगुळीत आणि चित्र बाहेरून छापलेलं असेल, तर ते साच्यातलं स्वस्त फूरिन समजा.

एदोचं चित्र आतल्या बाजूने असतं. घंटेच्या तोंडातून कुंचला घालून रंगवतात, तेही उलट क्रमाने, म्हणजे माशाचा डोळा आधी आणि अंग नंतर. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली काचचित्रं पाहिलेल्यांना ही रीत लगेच कळेल. लाल सोनमासा, शोभेचं दारूकाम, निळी गारवेल, सगळी उन्हाळी जत्रेतली ओळखीची दृश्यं. रंग आत असल्याने पावसाने धुऊन जात नाही. प्रत्येक घंटा हाताने फुगवलेली, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन घंटांचा सूर वेगळा लागतो. किमान चार-पाच वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. तोटा एकच, काच फार पातळ असते.

त्सुगारू विद्रो ही उत्तरेच्या आओमोरीची काच. १९४९ मध्ये सुरू झालेला तिथला कारखाना मासेमारीच्या जाळ्यांना लागणारे काचेचे तरंगते गोळे फुगवायचा. पुढे प्लास्टिकचे गोळे आले आणि तोच हात भांड्यांकडे, शोभेच्या वस्तूंकडे वळला. इथे चित्र नसतं, रंग काचेच्या अंगातच असतो. ऑगस्टच्या नेबुता उत्सवातल्या कंदिलांची आठवण करून देणारे भडक रंगही मिळतात. सकाळचं ऊन येणारी खिडकी असेल तर भिंतीवर पडणारे रंगीत डाग बघत बसावेसे वाटतात. आवाज माझ्या कानाला थोडा बसका लागतो. ज्यांना बघण्याची हौस जास्त, त्यांनी बेलाशक हेच घ्यावं.

दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवरची र्‍युक्यू काच मला मनापासून आवडते. युद्धानंतर अमेरिकी तळांवरच्या टाकून दिलेल्या बाटल्या वितळवून ती उभी राहिली आणि तिच्यातले बुडबुडे हेच तिचं रूप झालं. पण जाड, वजनदार काच झुळकेवर काय वाजणार? र्‍युक्यूचा पेला घ्या, फुलदाणी घ्या. फूरिन नको.

कोकणातल्या उघड्या पडवीत टांगायचं असेल तर काच विसरा आणि उत्तरेच्याच इवाते प्रांताचं, नाम्बु म्हणून ओळखलं जाणारं लोखंडी फूरिन बघा. तिथल्या मिझुसावा स्टेशनवर टांगलेल्या अशा घंटांचा नाद १९९६ मध्ये जपानातल्या जपून ठेवण्याजोग्या १०० आवाजांच्या सरकारी यादीत आला. नाद लांब रेंगाळतो. खाऱ्या हवेत गंज चढतो, तेव्हा अधूनमधून तेलाच्या फडक्याने पुसावं लागेल.

फ्लॅटच्या खिडकीसाठी मात्र मी एदोच सुचवते. ग्रिलपासून आणि भिंतीपासून हातभर लांब टांगा. चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळच्या वाऱ्याला ते उत्तम वाजतं, मृगाच्या आधी काढून ठेवा. आपल्याकडचा पावसाळी वारा ते ग्रिलवर आपटून फोडेल, आणि तान्झाकू भिजला तर घंटा मुकी होईल. रात्रीही आत घेतलेलं बरं, शेजाऱ्यांच्या तक्रारी जपानमध्येही होतात.

खरेदीला ९ आणि १० जुलैला तोक्योतल्या असाकुसाच्या होओझुकी बाजारात जा, किंवा जुलैतल्याच कावासाकी दाइशी देवळाच्या फूरिन बाजारात, तिथे देशभरातली फूरिनं शेजारी शेजारी वाजवून पाहता येतात. बॅग भरताना लोलक सोडवून वेगळा गुंडाळा, घंटेत मऊ मोजा भरा, तान्झाकू वहीत सपाट ठेवा. मागच्या वर्षी तीन घंटा अशाच नेल्या. तिन्ही शाबूत पोचल्या, आणि आईने सोनमाशाची ठेवून घेतली.