बेटांवरचं व्याख्यान: फ्लोरिडापर्यंत झकास, सड्यावर येताना घाई

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञानलेखकाचं बेटांच्या निसर्गइतिहासावर व्याख्यान झालं. दीड तासातला पहिला तास ऐकण्यासारखा होता. उरलेला आटोपता घेतला गेला, आणि आपल्या भागाचा विषय, म्हणजे सडे (डोंगरमाथ्यावरची जांभ्याची सपाट पठारं), नेमका त्यातच होता.

सुरुवात इंडोनेशियातल्या बाली आणि लोंबोक या शेजारच्या बेटांपासून. मधली सामुद्रधुनी जेमतेम ३५ किलोमीटरची, तरी १८५६ साली ती ओलांडताच निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसला ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे दिसू लागले. इथे अंतरापेक्षा खोली महत्त्वाची. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर उतरला तेव्हा बाली जावाला जोडलं गेलं, पण बाली आणि लोंबोकमधलं खोल पाणी आटलं नाही. हे एका छेदचित्रात दाखवलं, छान.

सर्वांत रंगला तो फ्लोरिडातला प्रयोग. सिम्बरलॉफ आणि विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात खारफुटीची चिमुकली बेटं निवडली, आधी त्यांवरचे किडे-कोळी मोजले, मग अख्ख्या बेटावर तंबू ठोकून मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली. वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. सर्वांत दूरचं बेट मागे राहिलं. खरी मेख पुढे आहे: संख्या जुळली, पण जाती बऱ्याचशा वेगळ्या. वक्त्यांनी हे दोनदा सांगितलं ते बरं केलं, कारण ‘जाती परत आल्या’ एवढंच लिहून घेणारे विद्यार्थी इथेच फसतात.

क्षेत्रफळ आणि जातींचं सूत्र (जातींची संख्या क्षेत्रफळाच्या एका घातांकानुसार वाढते) मात्र उरकलं. घातांक ०.३ धरला तर क्षेत्र दहापट झाल्यावर जाती साधारण दुप्पट होतात, दहापट नव्हे. साध्या आलेखावर ही रेषा वाकते. दोन्ही अक्ष लॉग घेतले की सरळ येते. पडद्यावरच्या आलेखात अक्षांची नावंच नव्हती.

शेवटी कासचं पठार. ‘सडे म्हणजे आकाशातली बेटं’ हे वाक्य टाळ्यांचं आहे, पण अर्धंच खरं. समुद्री बेटाभोवती सगळीकडे पाणी. सड्याभोवती कुठे रान, कुठे शेत, कुठे हॉटेल. घार दरी सहज ओलांडते, पंख नसलेल्या किड्याला ती जमेलच असं नाही. शिवाय जांभ्यावर मातीचा थर दोन बोटं आहे की वीतभर आणि पाणी किती दिवस साचतं, यावर वायतुरा ही सड्यावरची वनस्पती उगवणार की नाही हे ठरतं. नुसतं क्षेत्रफळ मोजून काही कळत नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसाठी काढलेल्या रस्त्यांनी एका सड्याचे तुकडे होतात का, हा श्रोत्यांमधला प्रश्न उत्तम होता; त्याला दोन मिनिटं मिळाली.

अंदमानच्या नारकोंडामचा उल्लेख नव्हता. सुमारे ७ चौरस किलोमीटरचं बेट आणि जगात फक्त तिथेच सापडणारा धनेश! डोडोला दिलेल्या पंधरा मिनिटांतली पाच इकडे वळवता आली असती.

आयोजकांना एवढंच: हेच व्याख्यान सप्टेंबरात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर चौरस आखून रोपं मोजायला न्या. दोरी, चार खुंट्या आणि वही पुरते. खुंट्या मात्र मातीच्या खळग्यातच रोवा, जांभ्यात शिरत नाहीत.