फायरक्लेचं बटलर सिंक गोव्यातल्या घरात घ्यावं का?

इंग्लिश फार्महाऊस धाटणीच्या स्वयंपाकघराची अर्धी शोभा भट्टीत भाजलेल्या मातीच्या या पांढऱ्या, खोल सिंकमुळे येते. वापरायलाही ते उत्तम आहे. चवथीला खतखत्याचं मोठं टोप त्यात आरामात मावतं, कोकमाचा किंवा हळदीचा डाग झिलईत मुरत नाही. पितळी भांडी घासली की करडे ओरखडे उमटतात. ते ओरखडे नव्हेत, धातूचा पातळ थर असतो. क्रीम क्लीनरने निघतो.

खरी परीक्षा बसवताना. 600 मिमीचं रिकामं सिंकच साधारण 40 किलो, पाण्याने भरलं की दुप्पट. ओट्याला चिकटवून ते पेलणार नाही, खालून कडप्प्याचा पक्का आधार हवा. भट्टीत माती आकसते, म्हणून प्रत्येक नगाच्या मापात काही मिलिमीटरचा फरक पडतो. सिंक घरी येईपर्यंत ओटा कापायला देऊ नका. ओट्याचा दगड सिंकच्या कडेवर 10 ते 15 मिमी पुढे ठेवा आणि त्याच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारून घ्या. खाच नसेल तर पाणी दगडाखालून सांध्यात शिरतं आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. सांध्याला बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉनच भरा.

लाकडी ओट्याचा मोह मात्र टाळा; सिंकलगत तो काळा पडतो. ग्रॅनाइट बरा. खालच्या कपाटाला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) नको, फुगतो. आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे मरीन प्लायवूड घ्या आणि कापलेल्या कडाही रंगवून बंद करा.